एका वाक्यात उत्तर लिहा : ऑस्ट्रेलिया स्वतंत्र केव्हा झाला?

सांगलीच्या एका शाळेत ३१ वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. पेपर काढायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, एका वाक्यात उत्तरे लिहा. पोरांना सोपा, तपासायलाही सोपा. आता निवृत्तीनंतर मेलबर्नला लेकीकडे आलो, आणि सहावीतल्या नातीनं, ईरानं, तोच प्रश्न माझ्यावर उलटवला.

तिला पुढच्या सत्रात ‘आपला देश कसा झाला’ या विषयावर प्रकल्प करायचा होता. "आजी, तुमचा १५ ऑगस्ट. मग आमचा कुठला?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. इथे घोड्यांच्या शर्यतीची सरकारी सुट्टी आहे. फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीही आहे. राजाच्या वाढदिवसाची जूनमध्ये आहे, राजा जन्मला नोव्हेंबरात तरी. स्वातंत्र्याची मात्र कुठेच नाही. २६ जानेवारी आहे, पण ती १७८८ साली साहेब सिडनीच्या किनाऱ्याला लागला त्याची. हॉकिन्स २४ ऑगस्ट १६०८ ला सुरतेला उतरला, म्हणून आपण कधी झेंडा लावलाय का?

सप्टेंबरची सुट्टी होती, जावयांनी रजा काढली होती. मेलबर्न ते सिडनी गाडीनंच जाऊ, वाटेत तारीख शोधू, असं ठरलं. ‘हे’ म्हणाले, "शोधा. मी खिडकीतून मेंढ्या बघतो."

दिवस पहिला : मेलबर्न

सकाळी ट्राम धरून स्प्रिंग स्ट्रीटवरच्या पार्लमेंटला. ही खरं तर व्हिक्टोरिया राज्याची विधानसभा. पण १९०१ ला सहा वसाहती एकत्र येऊन देश झाला तेव्हा राजधानीच नव्हती. सिडनी आणि मेलबर्न, दोघींचाही हट्ट. मग राज्याच्या आमदारांनी आपली इमारत केंद्राला दिली आणि स्वतः प्रदर्शनाच्या इमारतीत बिऱ्हाड हलवलं. पाहुणा किती दिवस राहिला? २६ वर्षं.

आतला खालच्या सभागृहाचा रंग हिरवा, वरच्याचा लाल. लंडनची नक्कल, गादीच्या रंगापर्यंत.

तिथून चालत कार्लटन बागेत, रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगकडे. १८८० चा घुमट, आता जागतिक वारसा. याच घुमटाखाली ९ मे १९०१ ला पहिल्या संसदेचं उद्घाटन झालं, राजपुत्राच्या हस्ते. हाच राजपुत्र पुढे पाचवा जॉर्ज झाला; मुंबईचं गेटवे ज्याच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलं, तो.

ईरानं वहीत लिहिलं : १ जानेवारी १९०१. आणि पेनाला टोपण लावायला लागली.

"थांब," मी म्हटलं. राज्यघटना इथल्या लोकांनी लिहिली, इथल्या मतदारांनी कौल देऊन मान्य केली. तरी ती कायदा झाली कुठे? लंडनच्या पार्लमेंटमध्ये, १९०० साली, ब्रिटिश कायद्याच्या पोटातलं एक कलम म्हणून. ती पास करून घ्यायला बार्टन, डीकिन, किंग्स्टन वगैरे इथली पुढारी मंडळी बोटीनं लंडनला गेली. वसाहतमंत्री चेंबरलेन अडून बसला. शेवटचं अपील आमच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच (साम्राज्याचं लंडनमधलं शेवटचं कोर्ट) आलं पाहिजे, म्हणाला. मधला मार्ग निघाला तेव्हा हे तिघे खोलीत एकटे उरताच हातात हात घालून गोल गोल नाचले, असं डीकिननंच लिहून ठेवलंय. तीन मोठे पुढारी फेर धरतायत, हे चित्र ईराला फार आवडलं. पण अपील अडकलेलंच राहिलं.

आणि या नव्या संसदेनं पहिल्याच वर्षी जे कायदे केले त्यात एक होता परक्यांना रोखण्याचा. बंदरावर उतरणाऱ्याला ५० शब्दांचं श्रुतलेखन, कुठल्याही युरोपीय भाषेत, अधिकाऱ्याच्या मर्जीनं. गोरा नको असलेला माणूस इंग्रजीत पास होतोय असं दिसलं तर दुसरी भाषा काढायची. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालली. जावई हसत म्हणाले, "आई, मी आयईएलटीएस दिली तेव्हाही असंच वाटलं होतं." मला हसू आलं नाही फारसं.

दिवस दुसरा : बॅलरॅट

शंभरेक किलोमीटरवर, सोन्याच्या खाणींचं गाव. वारा असा की माझी शाल आणि ह्यांची कानटोपी दोन्ही अपुरे. सॉव्हरिन हिल नावाचा जुन्या खाणगावाचा देखावा आहे, तिथे ईरानं ओढ्यातल्या वाळूतून सोन्याचे चार कण वेचले. पण मला बघायचं होतं युरेकाचं ठिकाण.

हकीकत अशी. १८५१ ला इथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं आली. सरकारनं खणायचा परवाना काढला, महिन्याला ३० शिलिंग. सोनं मिळो न मिळो, भरायचे. परवाना तपासायला पोलीस तंबूतंबूतून फिरत, ते दिसले की खाणीखाणीतून "जो! जो!" अशी आरोळी उठे, म्हणजे पळा. कर भरणाऱ्याला मत नाही, कारण मत जमीनजुमला असणाऱ्याला. आमच्याकडे शेतसाऱ्याच्या वसुलीला पाटील यायचा तेव्हाची अवस्था आठवा. फरक एवढाच की हे लोक इंग्लंड-आयर्लंडमधून आलेले, मताच्या हक्काच्या चळवळी तिकडे पाहून-करून आलेले. त्यांनी नोव्हेंबर १८५४ मध्ये टेकडीवर सभा घेऊन मागण्याच लिहून काढल्या. प्रत्येक पुरुषाला मत, निवडून यायला मालमत्तेची अट नको, प्रतिनिधींना पगार.

मग परवाने जाळले, लाकडं रचून कुंपण केलं, निळ्या कापडावर दक्षिण आकाशातला ताऱ्यांचा क्रूस शिवलेला झेंडा चढवला. पीटर लालोर या आयरिश माणसानं झेंड्याखाली शपथ दिली, एकमेकांना सोडणार नाही, हक्कांसाठी लढू. रविवार, ३ डिसेंबर १८५४, पहाट. बरेच जण शनिवारी रात्री घरी गेलेले, आत शंभर-दीडशेच उरलेले, त्यांच्यावर पावणेतीनशे शिपाई चालून आले. वीस मिनिटांत सगळं संपलं. दोन्हीकडची मिळून किमान २७ माणसं मेली. लालोरचा एक हात गेला.

एवढ्याला लढाई म्हणायचं का, असं ह्यांनी विचारलं. खरंय, आपल्याकडच्या एखाद्या गढीवरची चकमक याहून मोठी असेल. पण पुढचं पाहा. १३ जणांवर राजद्रोहाचे खटले चालले. पहिला उभा केला तो अमेरिकेतून आलेला काळा माणूस, जॉन जोसेफ; तो सुटला आणि लोकांनी त्याला खुर्चीत बसवून मेलबर्नच्या रस्त्यांतून मिरवलं. बाकीचेही सुटले, एकालाही ज्यूरीनं दोषी धरलं नाही. परवान्याच्या जागी वर्षाला एक पौंडाचा दाखला आला, त्याबरोबर मताचा हक्कही. आणि लालोर? ज्याच्यावर इनाम लावलं होतं तो वर्षाच्या आत कायदेमंडळात निवडून आला, पुढे विधानसभेचा सभापतीही झाला. १८५६ मध्ये व्हिक्टोरियाला स्वतःचं जबाबदार सरकार मिळालं, गुप्त मतदान आलं. ब्रिटनमध्ये ते यायला १८७२ उजाडलं.

झेंडा काचेमागे मंद उजेडात ठेवलाय. लोकांनी आठवण म्हणून इतके तुकडे कापून नेले की एक बाजू नाहीशीच झालीय. मी तिथे बराच वेळ उभी होते. डोक्यात दुसरंच चालू होतं. १८५४. याच वर्षी, याच साम्राज्यानं, झाशी खालसा केली. ती गोष्ट सिडनीत पुरी करायची म्हणून राखून ठेवली.

साहेब इथे एवढा शहाणा का झाला? कारण एकदा बोस्टनला हात पोळला होता. अमेरिका १७७६ ला हातातून गेली. मग १८३७ ला कॅनडात बंड झालं तेव्हा लॉर्ड डरहॅमला पाठवलं, त्यानं १८३९ ला अहवाल दिला : घरचा कारभार त्यांचा त्यांना करू द्या. हे ‘त्यांचं त्यांना’ आपल्या वाट्याला का आलं नाही, हे सांगायला अहवालाची गरज नाही. या मुक्तपणाची दुसरी बाजूही बॅलरॅटलाच आहे. युरेकानंतर काही महिन्यांतच, १८५५ ला, बोटीनं येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर १० पौंड डोईपट्टी बसली. मग चिनी खाणकामगार शेजारच्या वसाहतीत रोब बंदरावर उतरून शेकडो मैल चालत सोन्याच्या गावांना यायचे.

दिवस तिसरा : मरे नदी

दिवसभर ह्यूम हायवे. मेंढ्या, गाई, पिवळीधमक मोहरीसारखी शेतं (ती कॅनोला). ह्यांचा दिवस.

दुपारी वाट वाकडी करून मरे नदी ओलांडली आणि कोरोवाला गेलो. नदी म्हणजे सांगलीची उन्हाळ्यातली कृष्णा, त्याहून थोडी रुंद. अलीकडे व्हिक्टोरिया, पलीकडे न्यू साउथ वेल्स. एकशेतीस वर्षांपूर्वी या पुलावर जकात नाका होता. व्हिक्टोरिया आयातीवर जबर कर लावायची, न्यू साउथ वेल्स खुल्या व्यापाराची. म्हणजे एकाच राणीची प्रजा, एकच भाषा, पण अलीकडून पलीकडे माल न्यायचा तर कर भरा. काठावरचा शेतकरी आणि दुकानदार मेटाकुटीला आला होता. १८९३ च्या ऑगस्टच्या तोंडाशी त्यांनीच इथे परिषद बोलावली. तिथे बेंडिगोच्या जॉन क्विकनं तोडगा मांडला : घटना लिहायला माणसं लोकांनी निवडावीत आणि झालेली घटना लोकांच्याच मतदानाला टाकावी. पुढाऱ्यांच्या परिषदांत अडकलेलं घोंगडं अशा आडगावातून सुटलं, ही गोष्ट मला फार पटली. पाठ्यपुस्तकात मात्र सगळं श्रेय न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री सर हेन्री पार्क्स यांनी टेंटरफिल्ड गावी १८८९ ला केलेल्या भाषणाला.

मुक्काम ऑल्बरीला. संध्याकाळी स्टेशन बघायला गेलो. फलाट लांबच लांब, कारण दोन वसाहतींच्या रुळांची रुंदी वेगळी, सगळ्यांनी मध्यरात्रीही सामानसुमान उचलून गाडी बदलायची. देश एक झाला १९०१ ला, थेट गाडी सुरू झाली १९६२ ला. मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज-मीटरगेजची उतरचढ ज्यांनी केलीय त्यांना वेगळं सांगायला नको. ह्यांनी मात्र सांगितलं, अर्धा तास, मोटेलच्या मालकाला.

दिवस चौथा आणि पाचवा : कॅनबेरा

सिडनी की मेलबर्न हे भांडण मिटवायला मधे माळावर वसवलेलं गाव. आराखडा अमेरिकेच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनचा. हा माणूस १९३७ ला वारला तो लखनौला, तिथेच पुरलाय. कामानिमित्त हिंदुस्थानात गेला होता.

जुनं संसद भवन आता लोकशाहीचं संग्रहालय आहे. पांढरी, बुटकी, सरकारी विश्रामगृहासारखी इमारत, १९२७ ची. मला नव्या भव्य संसदेपेक्षा हीच आवडली. खुर्च्यांचं चामडं झिजलेलं दिसतं.

इथे ईराच्या वहीची पानं भरायला लागली. १९१४ ला ब्रिटन युद्धात उतरलं, ऑस्ट्रेलिया आपोआप उतरला, कुणी विचारलंसुद्धा नाही. १९२६ ला लंडनच्या परिषदेत ठरलं की डोमिनियन, म्हणजे साम्राज्यातले आपला कारभार आपण करणारे ऑस्ट्रेलियासारखे देश, ब्रिटनच्या बरोबरीचे, कुणी कुणाच्या खाली नाही. १९३१ ला त्याचा कायदा झाला, वेस्टमिन्स्टरचा. आता कॅनडा, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड यांना तो लगेच लागू. ऑस्ट्रेलिया म्हणाला, आमच्या संसदेनं स्वीकारला तरच. आणि स्वीकारलाच नाही! ताट वाढून ठेवलं, अकरा वर्षं कुणी पाटावर बसेना. ३ सप्टेंबर १९३९ ला पंतप्रधान मेंझीसनी रेडिओवरून सांगितलं की ब्रिटननं युद्ध पुकारलं आहे आणि त्यामुळे ऑस्ट्रेलियाही युद्धात आहे. ‘त्यामुळे’ हा शब्द मी ईराला अधोरेखित करायला लावला.

डोळे उघडले जपाननं. फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, १५ हजारांच्या आसपास ऑस्ट्रेलियन सैनिक कैदेत गेले, चार दिवसांत डार्विनवर बाँब पडले. आरमार घेऊन धावून येणारी आई येत नाही हे कळलं. त्याच ऑक्टोबरात पंतप्रधान कर्टिन यांच्या सरकारनं तो वेस्टमिन्स्टरचा कायदा स्वीकारला, तोही मागच्या तारखेनं, ३ सप्टेंबर १९३९ पासून.

"म्हणजे १९४२ की १९३९?" ईरा.

"लिही दोन्ही."

बाहेरच्या पायऱ्यांवर ११ नोव्हेंबर १९७५ चं नाट्य घडलं. सिनेटनं खर्चाची मंजुरी अडवली होती. कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेल्या पंतप्रधान व्हिटलमना गव्हर्नर जनरल केर यांनी सरळ बडतर्फ केलं. राणीचा प्रतिनिधी, राणीच्या नावाचे अधिकार, लोकांनी निवडलेलं सरकार घरी. केर आणि राजवाडा यांच्यातली पत्रं ‘खाजगी’ म्हणून कुलपात होती. एका इतिहासकार बाईंनी कोर्टात झगडून ती २०२० मध्ये उघडी करवली. राणीला आधी सांगितलं नव्हतं हे त्यात निघालं. माझ्यातल्या नागरिकशास्त्राच्या बाईला प्रश्न पडला तो सांगण्याचा नव्हता, अधिकार होता हा होता.

आणि १९८६. त्या वर्षापर्यंत इथल्या राज्यांसाठी ब्रिटनची संसद कायदा करू शकत होती आणि राज्याच्या कोर्टातून अपील लंडनला जाऊ शकत होतं. मार्च १९८६ मध्ये ऑस्ट्रेलिया ॲक्ट लागू झाला, राणीनं कॅनबेरात येऊन सही केली, तेव्हा ते दोर तुटले. त्याच वर्षी आमच्या घरी रंगीत टीव्ही आला! मला हे वाचून तिथल्या बाकावर बसावं लागलं. पुढे १९९९ ला उच्च न्यायालयानं एका ब्रिटिश नागरिक असलेल्या बाईंची सिनेटवरची निवड रद्द केली, ब्रिटन ही आता ‘परकी सत्ता’ आहे म्हणून. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकांना विचारलं, प्रजासत्ताक व्हायचं का? जवळजवळ ५५ टक्के नाही म्हणाले.

सगळ्यात मजा त्या घटनेच्या कागदाची. मूळ कायद्याची प्रत लंडनच्या दफ्तरात. १९८८ ला ती उसनी आणली आणि परत द्यायला जीव होईना. मग ती इथे ठेवू देण्यासाठी ब्रिटिश संसदेनं १९९० ला खास कायदा केला.

पाचव्या दिवशी सकाळी समोरच्या हिरवळीवर गेलो. तिथे आदिवासींचा तंबू-दूतावास आहे. २६ जानेवारी १९७२ ला चार जणांनी समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवून सुरू केलेला, आपल्याच देशात परके म्हणून दूतावास. शेकोटी धुमसत होती. एक वयस्क बाई खुर्चीत बसल्या होत्या. ईराला त्यांनी विचारलं, वहीत काय लिहितेस? तिनं तारखा वाचून दाखवल्या. बाई ऐकत राहिल्या, आणि म्हणाल्या, "यातली आमची कुठली?"

१९६७ चं सार्वमत, ज्यात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी आदिवासींना लोकसंख्येत मोजायला होकार दिला, ते माझ्या तोंडावर आलं होतं. १९९२ चा माबो निकालही, ही जमीन कुणाचीच नव्हती हे थोतांड मोडणारा. पण २०२३ चं सार्वमतही होतं, ज्यात त्यांना संसदेपुढे म्हणणं मांडायला घटनेत जागा द्यायची का यावर ६० टक्के नाही म्हणाले. मी गप्प बसले. वसाहतवाल्यांना एकेक अधिकार मिळाला तो यांच्याच जमिनीवरचा होता, हे ईराला कसं सांगायचं ते गाडीत बसेपर्यंत सुचलं नाही, आणि गाडीत बसल्यावर ती झोपली.

दिवस सहावा : सिडनी

पाऊस. मॅक्वारी स्ट्रीटवर छत्र्या धरून. हा गव्हर्नर मॅक्वारी मुंबईत नोकरी केलेला आणि श्रीरंगपट्टणच्या लढाईत असलेला. इथे त्याच्याकडे दवाखाना बांधायला पैसे नव्हते, म्हणून ठेकेदारांना ४५ हजार गॅलन रम आणायचा मक्ता दिला, त्यातून दवाखाना झाला. त्याच दवाखान्याचा एक भाग आज राज्याची विधानसभा आहे. शेजारी हाइड पार्कची कैद्यांची बराक, १८१९ ची, बांधणारा वास्तुशिल्पी ग्रीनवे स्वतः बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात आलेला कैदी. १९६६ ला दहा डॉलरच्या नोटेवर याच बनावटवाल्याचं चित्र छापलं. ह्यांना ही एकच गोष्ट सबंध प्रवासात लक्षात राहिली.

इथला कारभार सुरुवातीला म्हणजे गव्हर्नर बोले, सोल्जर हाले. १८२३ ला नेमलेलं छोटं मंडळ. १८४३ पासून ३६ जणांत २४ निवडलेले. १८५६ ला जबाबदार सरकार. हप्त्यानं घर घ्यावं तसं.

सेंटेनियल पार्कमधला, १९०१ च्या समारंभाचा दगड पाहिला. चिखल फार होता.

दिवस सातवा : पॅरामाटा

बोटीनं नदीतून वर. पॅरामाटा हे सिडनीच्या आतलं जुनं गाव, गव्हर्नरचा जुना बंगला इथलाच. आणि जॉन लँगचं जन्मगाव. १८१६ चा जन्म, आजोबा शिक्षा होऊन आलेले कैदी. लँग केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाला, सिडनीला जमलं नाही, १८४२ ला हिंदुस्थानात आला. तिथे कंपनी सरकारविरुद्ध खटले चालवायचा, वर्तमानपत्र काढायचा.

१८५४ ला त्याला सोनेरी कागदावर फारसीत लिहिलेलं पत्र गेलं. झाशीहून. गंगाधरराव वारलेले, दत्तक नामंजूर, डलहौसीनं राज्य खालसा केलेलं. राणीनं वकील म्हणून या ऑस्ट्रेलियन माणसाला बोलावलं. पडद्याआडून बोलणं झालं. मधेच लहानग्या दामोदरनं पडदा सारला आणि लँगला ती क्षणभर दिसली. ‘मेरी झाशी नहीं देंगे’ हे शब्द ज्यानं कानांनी ऐकून लिहून ठेवले, तो हा पॅरामाटाचा पोरगा. त्यानं सल्ला दिला, सध्या पेन्शन घ्या आणि अर्ज करा. तो १८६४ ला मसुरीला वारला.

हे सगळं मी नदीकाठच्या बाकावर ईराला सांगितलं. मग हॅरिस पार्कला गेलो, तिथे गल्लीच्या गल्ली आपल्याकडच्या दुकानांची आहे. डोसे मागवले. ती वही उघडून बसली होती, तारखांची रांग पानाच्या खाली गेली होती.

"आजी, त्या वकिलाचा अर्ज मंजूर झाला का?"

"नाही."

"पण युरेकावाले तर सुटले ना? सेम इयर?"

"सेम इयर."

तिनं १८५४ भोवती गोल काढला. मग विचारलं, "मग राणीनं काय केलं?"

"सांगते," म्हटलं, "आधी डोसा खा, गार होतोय."